धूर घरधन्याने धरायचा

मी एक जुना धुराचा डबा आहे. शेळगावात रावजीच्या घरी, दाराच्या आतल्या बाजूला एका खिळ्याला मी टांगलेला असतो. मित्रांनो, माझ्यासारखा डबा तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नसेल. माझी उंची दीड वीत. वर किटलीसारखी वाकडी चोच आणि पाठीला चामड्याचा भाता. माझ्या पोटात विस्तव घालतात आणि भाता दाबला की चोचीतून धूर निघतो. घराच्या भिंतीत, छतात किंवा मीटरच्या पेटीत मधमाश्यांनी मोहोळ केलं आणि ते न मारता दुसरीकडे न्यायचं असलं, की माझी गरज पडते. शिकलेली माणसं मला स्मोकर म्हणतात. छबूबाई मला नुसता डबा म्हणायची.

आपली हकिगत सांगताना राग मनात ठेवू नये असं म्हणतात. मला ते जमणार नाही. माझा एका माणसावर राग आहे. तो कशामुळे आहे हे कळलं, तरच माझी गोष्ट तुम्हांला कळेल.

माझा जन्म बारामतीच्या बाजारात झाला. आधी मी गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा होतो. छबूबाई नुकतीच मधमाश्या पाळायचं दहा दिवसांचं शिक्षण घेऊन आली होती. तिथे तिने असा डबा पाहिला होता, पण आपल्याकडे तो मिळेना. मग तिने पत्रेवाल्याच्या दुकानात फरशीवर कोळशाने चित्र काढून दाखवलं. पत्रेवाला म्हणाला, "बाई, ही किटली हाय का पिचकारी?"

"दोन्ही न्हाय. तुला काय करायचंय? सांगते तसं कर."

रावजी, म्हणजे तिचा नवरा, बाहेर गाडीवर बसला होता. तो म्हणाला, "कर बाबा. घरी पन मी असंच करतो."

भाता एका चांभाराने जुन्या बॅगेच्या चामड्याचा शिवून दिला. पहिल्याच दिवशी मी इतका तापलो की छबूबाईचा तळहात भाजला. तिने मला शिव्या दिल्या नाहीत. तिने मला भरायची रीत बदलली. तळाला गोवरीचा पेटता तुकडा, त्यावर नारळाची शेंडी आणि सगळ्यांत वर कडुलिंबाचा मूठभर ओला पाला. मग चोचीसमोर हाताची पाठ धरून ती धूर बघायची. चटका बसला तर तो धूर माश्यांना द्यायचा नाही. गार, पांढरा, जाड धूर आला तरच द्यायचा. गरम धुराने माश्या चिडतात. गार धुराने त्यांना वाटतं की रानाला वणवा लागलाय, आणि त्या मध पिऊन गप्प बसतात.

असं आमचं काम सुरू झालं. भिंतीतली माशी ही सातेरी माशी. ती अंधारात, पोकळीत घर करते. छबूबाई आधी भिंतीला कान लावायची, बोटाने ठोकून बघायची, आणि जिथे भिंत कोमट लागेल तिथे खडूची रेघ मारायची. रावजी छिन्नीने तेवढीच भिंत फोडायचा. मग मी धूर द्यायचो. ती पोळी एकेक करून कापायची आणि पिलांची पोळी लाकडी चौकटीत सुती दोऱ्याने बांधून पेटीत ठेवायची. शेवटी राणी शोधायची. राणी एका लहान डबीत घ्यायची, पेटीत ठेवायची. त्या डबीला चहाच्या गाळणीची जाळी लावलेली होती. राणी जिथे, तिथे बाकीच्या माश्या. त्यांना हाकलावं लागत नाही. पेटी सांजेपर्यंत तिथेच ठेवायची, कारण रानात गेलेल्या माश्या दिवस मावळताना घरी येतात. त्या आल्या की पेटीचं दार लावायचं आणि शेळगावच्या डाळिंबाच्या बागेत नेऊन ठेवायची. बहराच्या दिवसांत बागायतदार आमच्या पेट्या मागून न्यायचे. म्हणायचे, छबूबाईची पेटी आली की फळ धरतं.

तिचा एक नियम मात्र कोणाला आवडत नसे. मोहोळ काढताना धूर घरधन्याने धरायचा. गडी चालणार नाही, पोरगा चालणार नाही. ज्याचं घर, त्याच्या हातात मी.

काटेवाडीत एका डेअरीवाल्याने विचारलं, "अवो बाई, मंग तुमी कशाला आलाय?"

"शिकवाय," ती म्हणाली. "येकदा हातानं धूर दिला की मानूस परत घासलेट वतत न्हाय."

ते खरं होतं. आधी तोंड फिरवून भाता दाबला जायचा. मग माणूस पोळ्यात डोकावून बघायचा. मग पुढचे चार दिवस येईल त्याला सांगत सुटायचा, आम्ही राणी बघितली म्हणून. अशी दहा-बारा वर्षं गेली. रावजी शिडी धरायचा, दोरे बांधायचा आणि बायकोच्या हातचं काम बघत बसायचा. तिने कुणाच्याही घरात एक पोळं मारलं नाही.

आता तो दिवस सांगतो.

कोऱ्हाळे बुद्रुकच्या पुढे एक वस्ती आहे. तिथे आप्पासाहेब नावाचा मोठा ऊस बागायतदार राहतो. लोक त्याला अहो-जाहो करतात. मी करणार नाही. तीन वर्षांपूर्वी फाल्गुन महिन्यात त्याचा सत्कार ठरला होता. मांडवाची जागा पाण्याच्या टाकीजवळ होती आणि टाकीखाली आग्या माशीची चार मोहोळं लटकलेली होती. आग्या माशी म्हणजे सातेरी नव्हे. ती मोठी आणि तापट. तिला पेटीत घालता येत नाही. आप्पासाहेबाने छबूबाईला बोलावलं. तिने बघितलं आणि सांगितलं, "मांडव पलीकडच्या शिवाराला घाला. न्हायतर परवा सांज झाल्यावर येते. लांबून हळू धूर देते, आपनहून उठत्याल. तवर कुनी हात लावू नगा."

तो म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि रावजी, धूर कुठून द्यायचा, ती नुसती जागा बघायला गेले. टाकीपाशी तिला उतरवून रावजी शेजारच्या वस्तीवर लांब शिडी मागायला गेला. तिच्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत तळाला मी होतो आणि माझ्यावर तिची तोंडाला बांधायची जाळी घडी करून ठेवलेली होती. मी पेटवलेला नव्हतो. पिशवीच्या उसवलेल्या शिवणीतून मला बाहेरचं दिसत होतं.

टाकीच्या दुसऱ्या अंगाला दोन गडी बांबूला पोतं बांधून पेटता टेंभा मोहोळाला लावत होते. आप्पासाहेब जीपमध्ये बसला होता. काचा वर केलेल्या होत्या. छबूबाईला धूर दिसला आणि ती ओरडली, "आरं खाली घ्या, खाली घ्या." तेवढ्यात मोहोळ उठलं. गडी उसात पळाले. जीप काचा तशाच ठेवून निघून गेली, वाटेत शिडी घेऊन येणाऱ्या रावजीसमोरून. छबूबाईने पिशवीत हात घातला. तिची बोटं जाळीला लागली, माझ्या भात्याला लागली. मग पिशवी पडली.

मित्रांनो, त्या वेळी मी पेटलेला असतो तर काय झालं असतं, हे मी रोज मनात आणतो. हजारो आग्या माश्यांपुढे एका डब्याचा धूर काय करणार, असं तुम्ही म्हणाल. तरीसुद्धा मी रोज तेच मनात आणतो. रावजीने तिला गाडीवर मधे घेतलं. मागे वस्तीवरचा एक माणूस तिला धरून बसला. बारामती यायच्या आधीच ती गेली.

दहाव्याला आप्पासाहेब आला. चार लोकांत बसून म्हणाला, "जाणकार म्हणवायची, आन जाळी न घालता मोहोळाखाली गेली. तिचीच चूक. दैव." टेंभ्याचं नाव त्याने घेतलं नाही. गड्यांनी तोंड उघडलं नाही. रावजीने सांगितलं की जळालेला बांबू आपण पाहिला. लोक म्हणाले, रावजी दुःखात आहे, त्याला काही तरी वाटतंय. बांबू तर तोवर नाहीसाच झाला होता. मी सगळं पाहिलं होतं, पण पत्र्याच्या डब्याची साक्ष कोण घेणार?

तेव्हापासून गावोगाव तेच चालू झालं. कुठे मोहोळाचा विषय निघाला की कोणी तरी म्हणायचं, ती शेळगावची बाई नव्हती का, बिनजाळीची गेली. दहा-बारा वर्षं तिने जे काम केलं ते राहिलं बाजूला. तिच्या नावामागे चूक हा एकच शब्द लागला.

मी खिळ्यावर गेलो. माझा भाता वाळला, तडकला. चोचीत कोळ्याने जाळं केलं. रावजीने मला हात लावला नाही. डाळिंबाच्या बागेतल्या पेट्या त्याने देऊन टाकल्या. तो गाडीवर बसला की अजूनही पुढे सरकून बसतो, मागे एका माणसाची जागा सोडून. आणि सकाळी म्हशीची धार काढताना तो बोलत असे. मी दारातून ऐकायचो. "आप्पासाहेब, तुमी जीपमदी व्हता. आप्पासाहेब, काचा वर व्हत्या." म्हैस कान हलवायची. तीन वर्षं रावजी रोज तीच चार वाक्यं पाठ करत होता. ऐकवायला तो माणूस कधी समोर सापडला नाही.

यंदा वैशाखात एक मुलगी स्कूटरवर आली. आप्पासाहेबाची नात, राजनंदिनी. बारामतीला शेतीचं शिकते. तिचं लग्न पाच दिवसांवर आलं होतं आणि त्यांच्या नव्या बंगल्यात देवघरामागच्या भिंतीत सातेरीने घर केलं होतं.

"घरचे फवारणीवाल्याला बोलावणार होते," ती म्हणाली. "मी नको म्हटलं. माश्या मेल्या तरी मध आतच राहतो. तो भिंतीतून गळणार, मुंग्या लागणार. शिवाय मारायच्या कशाला? आमच्या सरांनी तुमच्या घरचं नाव सांगितलं. मी घरी तुमचं नाव न सांगताच आलेय."

"का?"

"आजोबांनी तुमचं नाव ऐकलं असतं तर येऊ दिलं नसतं," ती म्हणाली. "त्या बाईंचं झालं तेव्हा मी पुण्याला होते. आजोबा म्हणाले की त्या जाळी न घालता गेल्या. मीसुद्धा मैत्रिणींना तसंच सांगितलं होतं. म्हणून तुमच्यापुढे यायला लाज वाटत होती."

रावजीने खिळ्यावर माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "येतो. पन धूर घरधन्यानं धरायचा. तुजा बाप न्हाय. आजा. त्येच्या नावावर घर हाय ना?"

"हो."

"मंग त्यो."

त्या दुपारी त्याने मला खाली काढलं. भात्याला एरंडेल चोळलं, तडकलेल्या जागी चामड्याचा तुकडा शिवला, चोच तारेने साफ केली. मला फार आनंद झाला. मला वाटलं, आता हा माझ्या पोटात उसाचं कोरडं पाचट भरणार. पाचट भडकतं. त्याचा धूर नव्हे, जाळ निघतो. तसा जाळ माश्यांच्या तोंडावर गेला की त्या ज्याच्या हातात डबा आहे त्याला सोडत नाहीत. मी तयार होतो. पण सकाळी निघताना रावजीने गोवरी घेतली, शेंडी घेतली, कडुलिंबाचा पाला घेतला. मला त्याचा राग आला.

बंगल्यापुढे मांडव पडला होता. बायका हळकुंडं निवडत बसल्या होत्या. रावजीला बघून आप्पासाहेबाचा चेहरा उतरला. त्याचा मुलगा विजयसिंह, म्हणजे नवरीचा बाप, म्हणाला, "रावजी, तुम्ही? पोरीनं सांगितलं न्हाय."

"काम सांगितलंय तिनं," रावजी म्हणाला. "पेटी आनलीय. आप्पासाहेब, हात धुऊन या."

"मला काय करायचंय?" आप्पासाहेब म्हणाला.

"धूर धरायचा. बाई गेली, पन तिची रीत न्हाय गेली. जमत नसंल तर मी चाललो. फवारनीवाल्याला बोलवा आन देवामागं मेलेलं मोहोळ ठिवून अक्षता टाका."

आप्पासाहेबाची बहीण कुशाबाई चौकटीत उभी होती. ती त्याच्याहून मोठी. ती म्हणाली, "धर की आप्पा. भाषणाचं भोंगं लई धरलं, आता ह्ये धर."

बायका हसल्या. तो हात धुऊन आला. अशा रीतीने मी त्याच्या हातात आलो.

रावजीने त्याच्या तोंडाला जाळी बांधली. स्वतः बांधली नाही. देव उचलून बाहेर ठेवले होते. रावजीने भिंतीला कान लावला, ठोकलं, रेघ मारली आणि छिन्नी लावली. विटा निघाल्या. आत सात पोळी, दोन बोटं जाड, आणि त्यांवर माश्यांचा काळा-पिवळा थर.

"सावकाश दाबा," रावजी म्हणाला.

आप्पासाहेबाने भीतीने माझा भाता भराभरा दाबला. पोटातला विस्तव फुलला, आणि मी वाट बघत होतो ती संधी आली. मी ठिणगी टाकली. माश्या चवताळल्या. एक त्याच्या मनगटाला चावली. तो ओरडला. रावजीने माझी चोच बाजूला केली आणि नखाने त्याच्या मनगटावरचा काटा खरवडून काढला. खाली जमिनीवर ती माशी फिरत होती. चावली की ती जगत नाही.

रावजीने ती उचलून माझ्यासमोर धरली. माझ्याकडे बघत म्हणाला, "ही मेली. तुज्यामुळं." आप्पासाहेबाला वाटलं ते त्यालाच म्हटलं. मला ठाऊक होतं ते कोणाला होतं. मी खजील झालो. नंतर मी गार धूर दिला.

दीड तास काम चाललं. रावजी पोळं कापायचा, चौकटीत बांधायचा, पेटीत ठेवायचा. दोरा दातात धरून गाठ मारायची त्याची पद्धत छबूबाईचीच होती. आप्पासाहेबाचा हात हळूहळू स्थिरावला. मांडवातून लोक येऊन दाराशी उभे राहिले. राजनंदिनी मोबाईलवर चित्रण करत होती. शेवटच्या पोळ्यावर राणी सापडली. लांब, तांबूस, संथ. रावजीने तिला गाळणीच्या जाळीच्या डबीत घेतलं.

आता डबी पेटीत जायची. पेटी तिथेच, त्याच्या गुडघ्यापाशी, उघडी होती. पण रावजी उठला, आप्पासाहेबासमोर गेला आणि "हे जरा धरा" म्हणून ती डबी त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात घातली. मग त्याच्या तोंडावरची जाळी सोडून घेतली.

छबूबाईने असं कधीच केलं नव्हतं.

"ह्ये काय केलं रं?" आप्पासाहेब म्हणाला.

"राणी हाय खिशात. हलू नगा."

उघड्या पडलेल्या भिंतीतून, पेटीवरून, छतावरून माश्या उठल्या. आधी पाच-दहा आल्या, मग ओंजळभर, मग सगळ्या. त्या आप्पासाहेबाच्या छातीवर बसू लागल्या. पांढरा शर्ट दिसेनासा झाला. गळ्यापासून पोटापर्यंत माश्यांचं एक जिवंत घोंगडं तयार झालं. एकही चावत नव्हती. त्यांना फक्त राणीजवळ राहायचं होतं.

विजयसिंह चादर घेऊन पुढे आला. रावजी म्हणाला, "पुढं येऊ नगा. चादर टाकली की सगळ्या चावत्याल. हलला न्हाय तर एकबी चावनार न्हाय. हितं वाचवनारं येकच हाय, धूर. त्यो तुमच्या बापाच्याच हातात हाय."

मग तो देवघराच्या उंबऱ्यावर बसला. अगदी सावकाश, गुडघे धरून.

"काढ ना रावजी," आप्पासाहेब हळू म्हणाला.

"काढतो. त्या दिशी टाकीखाली काय झालं त्ये सांगा."

"ही काय येळ हाय?"

"ह्याच्यापरास बरी येळ मला तीन वर्सांत गावली न्हाय."

"ती जाळी न घालता..." तो बोलू लागला. त्याचा श्वास वाढला आणि छातीवरचं सगळं मोहोळ एकदम फुत्कारलं. सातेरी तसं करते. सापाने फुस्स करावं तसा आवाज येतो. त्याने श्वास आवरला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. माझ्या पोटातली शेंडी संपत आली होती. धूर पातळ झाला होता.

"धूर संपतूय," तो म्हणाला.

"दिसतंय मला," रावजी म्हणाला. तो उठला नाही.

मित्रांनो, मी त्या हातात होतो. बोटं गार पडलेली मला लागत होती. म्हातारा माणूस, दारात मांडव, नातीचं लग्न. मला दया यायला हवी होती. मला ती आली नाही. मला पिशवीत शिरलेली दुसरी बोटं आठवत होती.

राजनंदिनीने मोबाईल खाली केला. ती म्हणाली, "आजोबा, काय झालं होतं?"

त्याने नातीकडे बघितलं. मग ओठ न हलवता बोलल्यासारखं बोलला. "टेंभा मी लावाय सांगितला."

"ऐकू गेलं न्हाय," रावजी म्हणाला. "मांडवात बायका हायत."

"मोठ्यानं बोललो तर चावत्याल."

"हळू श्वास घ्या. मंग मोठ्यानं बोला. जमतं."

आणि तो बोलला. हळू श्वास घेत, एकेक शब्द बाहेर काढत बोलला. टेंभा मी लावाय सांगितला. ती म्हणली व्हती, परवा सांजचं येते, हात लावू नगा. मला घाई व्हती. ती नुसती जागा बघाय आली व्हती. मी जीपमदी व्हतो. मी बघितलं.

"जाळी?"

"पिशवीत व्हती. घालाय येळच मिळाला न्हाय तिला."

"चूक कुनाची?"

माझा धूर आता नुसती रेघ राहिली होती.

"माजी."

मांडवातल्या बायकांनी हातातली हळकुंडं खाली ठेवली होती. कुशाबाई चौकटीला टेकली होती. ती भावाला म्हणाली, "आन तू तिच्या दहाव्याला लाडू खाऊन आलास."

तेव्हा रावजी उठला. त्याने माझ्यात शेंडी घातली, पाला घातला, चोचीसमोर हाताची पाठ धरून बघितली. आप्पासाहेबाची बोटं माझ्याभोवती इतकी घट्ट झाली होती की ती एकेक करून सोडवावी लागली. रावजीने पेटी त्याच्या पोटाशी धरली, मला मानेच्या बाजूने हळू चालवलं, खिशातली डबी दोन बोटांनी काढली आणि पेटीत ठेवली. माश्या वळल्या. मेंढरं वाड्यात शिरतात तशा त्या पेटीच्या दारातून आत चालत गेल्या. छातीवर एकही काटा नव्हता.

आप्पासाहेब खाली बसला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "झालं का रं मनासारखं?"

"न्हाय," रावजी म्हणाला. "तुमी तिची चूक घरात बसून सांगितली न्हवती. गावात सांगितली व्हती. आता गावात फेडा."

"मी आनते त्याला," कुशाबाई म्हणाली.

सांजेपर्यंत रावजी भिंतीजवळ पेटी ठेवून बसला. रानातल्या माश्या यायच्या होत्या. त्याने त्या घरात पाणी घेतलं नाही. राजनंदिनीने जेवणाचं ताट आणलं, तेही परत पाठवलं. ती शेजारी बसून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "मी ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्यांना फोन करते."

"कर," तो म्हणाला.

लग्न झालं. तिसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणावर गावाची बैठक होती. कुशाबाईने भावाला हाताला धरून आणलं आणि उभं केलं. त्याने सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी छातीवर माश्या नव्हत्या, तरी त्याचा आवाज तसाच होता. ते दोन गडीही उठून बोलले. रावजी मागे, कडुलिंबाखाली उभा होता. मी त्याच्या पिशवीत होतो. बोलणं संपल्यावर लोक रावजीकडे वळले. कोणी म्हणालं, झालं गेलं विसर. कोणी म्हणालं, मोठ्या मनाचा माणूस आहे, कबूल केलं. रावजी आप्पासाहेबापुढे गेला. आप्पासाहेबाने हात जोडले.

रावजीने जोडले नाहीत. तो म्हणाला, "तिचं नाव धुतलं गेलं. तुमचं न्हाय." आणि गाडीवर बसून आम्ही शेळगावला आलो.

मित्रांनो, सूड घेऊन काही मिळत नाही असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मी डबा आहे, पाहिलं तेवढंच सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी रावजीने म्हशीची धार काढली आणि तो काहीच बोलला नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा. मग दुधाची चरवी हातात धरून तो गोठ्यात बसला आणि रडला. राग होता तोवर त्याला रडता येत नव्हतं. एवढं मिळालं. छबूबाई मिळाली नाही.

तुमच्या भिंतीत मोहोळ झालं तर आग लावू नका, औषध फवारू नका. जाणत्या माणसाला बोलवा आणि तो म्हणेल तितके दिवस थांबा. माझ्यासारखा डबा तुमच्या घरी असेल तर त्याच्या भात्याला वर्षातून दोनदा तेल द्या, आणि कामावर नेताना तो पिशवीत तळाला टाकू नका. जाळी आधी बांधा, मग गाडीवरून उतरा. आणि तुमच्या घाईने कोणाचा जीव गेला, तर ती चूक मेलेल्या माणसावर टाकू नका. मेलेलं माणूस उत्तर द्यायला येत नाही हे खरं. पण त्याच्या मागे कोणी तरी राहिलेलं असतं. ते रोज पहाटे उठतं, काम करतं, कोणाशी भांडत नाही, आणि काहीही विसरत नाही.